जेटचा जोर पाइपात असतो : हॉट टबची जेट यंत्रणा कशी आखावी, कशी बांधावी

द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत ठिबकमधून खत सोडणाऱ्या शेतकऱ्याला व्हेंच्युरी समजावून सांगावी लागत नाही. मधे चिमटलेल्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यातून पाणी जोरात निघालं, की बाजूची बारीक नळी बादलीतलं विरघळलेलं खत आपसूक ओढून घेते. हॉट टबातला जेट म्हणजे तीच व्हेंच्युरी, फक्त खताच्या जागी हवा ओढली जाते. गॅसच्या शेगडीचा बर्नरही याच तत्त्वावर चालतो. बारीक छिद्रातून गॅस सुटतो आणि बाजूच्या भोकांतून हवा आत घेतो.

हे साम्य वरवरचं नाही. ज्यांच्या आडनावावरून आपण या टबाला जकुझी म्हणतो, ते इटलीतून कॅलिफोर्नियाच्या बर्कलीला गेलेले भाऊ आधी विहिरीचे पंप बनवत. आपल्याकडे विहिरीवर आणि बोअरवर ‘जेट पंप’ म्हणून जो बसतो, त्याच जातीचे पंप त्यांनी १९२० च्या दशकात विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्यातल्या कँदिदो यांच्या मुलाला लहानपणीच सांधेदुखीने गाठलं. रुग्णालयातले पाण्याचे उपचार घरच्या टबात मिळावेत म्हणून त्यांनी पाण्यात सोडायचा पंप तयार केला आणि १९५६ साली तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी जेट टबाच्या भिंतीतच बसवले. म्हणजे या वस्तूचा जन्म दुखणाऱ्या सांध्यांसाठी झालेला आहे. टब बांधताना मी ते विसरत नाही, कारण बहुतेक घरांत टब मागवतात तरुण आणि त्यात रोज बसतात ते वयस्कर.

मी मावळ, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात बंगल्यांसाठी काँक्रीटचे टब बांधतो. सुरुवातीच्या एका कामात मालकांना बारा जेट हवे होते, पंप २ एचपीचा आणि पाइप सगळा दीड इंची. दिसायला सुरेख झालं. मालकांच्या आईंना कंबरदुखी होती. त्या बसल्या, दोन मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, “बाळा, पाणी नुसतं गुदगुल्या करतंय.” टाइल्स फोडून लाइन परत टाकावी लागली. पुढे लिहिलेलं बरंचसं त्या फोडलेल्या टाइल्सनी शिकवलेलं आहे.

जेटच्या पोटात काय चालतं

जेट उघडून पाहिला तर चार गोष्टी दिसतात : पाणी येण्याचं दीड इंची तोंड, हवा येण्याचं एक इंची तोंड, मधलं निमुळतं नोझल आणि त्याच्यासमोरचा घसा. घशाच्या टोकाला दिशा बदलणारी गोळी असते, तिला दुकानात ‘आयबॉल’ म्हणतात. नोझलमधून पाणी सुसाट निघतं, त्याच्या भोवतीचा दाब घटतो, तिथे हवेची वाट मोकळी असेल तर हवा खेचली जाते आणि घशात पाणी-हवा घुसळून टबात येतात. नुसतं पाणी टोचतं. हवा मिसळली की तोच झोत रुंद आणि मऊ होतो.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की या सगळ्याला जोर पुरवतो तो नोझलच्या मागचा दाब. तो १० मीटर हेड (म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब), गेजवर साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असेल, तर पाणी नोझलमधून सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने निघतं. ९ मिलिमीटरच्या नोझलमधून तेव्हा मिनिटाला ५० लिटर पाणी जातं आणि पाठीवर साधारण सव्वा किलोच्या आतबाहेर वजन टेकल्यासारखा धक्का बसतो. हाच दाब ५ मीटरवर आला तर धक्का निम्मा होतो आणि हवा ओढण्याची ताकदही तशीच ढासळते. आमच्या त्या बारा जेटांचं नेमकं हेच झालं होतं : पाणी बारा वाटांनी फुटलं, बारीक पाइपाने दाब खाल्ला आणि नोझलपर्यंत काही उरलंच नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला मी पहिल्याच बैठकीत सांगतो, आठ जेट घ्या आणि उरलेले पैसे जाड पाइपात घाला.

नमुन्याचा टब

पुढची आकडेमोड चौघांच्या टबासाठी करू. आतून १.८ मीटर बाय १.८ मीटर. चारही बाजूंनी ४५ सेंटिमीटर रुंदीची बैठक, बैठकीवर ५० सेंटिमीटर पाणी, मधे पाय सोडायला ९० बाय ९० सेंटिमीटरचा खड्डा आणि तिथे एकूण पाणी ९५ सेंटिमीटर. हिशेब केला तर पाणी जवळजवळ २,००० लिटर भरतं. बैठकीवरचं पाणी ७० सेंटिमीटरच्या वर नेऊ नये, बुटक्या माणसाचं नाक पाण्याजवळ येतं.

चार माणसं गळ्यापर्यंत बसली की सव्वादोनशे ते अडीचशे लिटर पाणी वर सरकतं, म्हणजे या टबात पातळी सुमारे ७ सेंटिमीटर चढते. स्किमरचं, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या झरोक्याचं, तोंड ठरवताना हा आकडा हाताशी हवा. नाहीतर माणसं उठून गेल्यावर स्किमर हवा ओढायला लागतो, किंवा माणसं बसल्यावर पाणी काठावरून वाहतं.

टब गच्चीवर हवा असेल तर इथेच थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नुसत्या पाण्याचाच भार दर चौरस मीटरला ६०० किलोच्या वर जातो. काँक्रीट, टाइल्स आणि माणसं वेगळीच. घराच्या स्लॅबला वापराचा भार साधारण २०० किलो धरलेला असतो. “स्लॅब मजबूत आहे हो आमचा” या वाक्यावर मी गच्चीचं काम घेत नाही.

जेट कुठे लावायचे

दर माणसाला पाठीसाठी दोन जेट, एकमेकांपासून साधारण २० सेंटिमीटरवर, म्हणजे मणका मधे मोकळा राहतो आणि झोत दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर बसतो. उंची बैठकीपासून २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली २५ ते ३०. याहून वर घेतले तर पाणी काठाबाहेर उडतं आणि हवा सपकन निघून जाते. पोटऱ्यांसाठी बैठकीच्या उभ्या भिंतीत जेट मागतात. द्यायला हरकत नाही, पण ७०-७५ सेंटिमीटर खोलीवर हवा खेचायला जेटला तेवढ्या पाण्याच्या दाबावर मात करावी लागते. तिथे बुडबुडे कमी येणार हे आधीच सांगून ठेवा, किंवा पोटरीचे जेट पाठीच्या बदल्यात घ्या. आपल्या हिशेबात एकूण आठच आहेत.

साइटवर मी स्वतः प्लायवूडच्या तुकड्यावर बसून पाठीला खडूची खूण करून घेतो. घरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच माणसाला बसवून मधला बिंदू काढला की तक्रार येत नाही.

पंप : एचपी नव्हे, तक्ता बघा

आठ जेट, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर, तासाला २४ घनमीटर. आता हेड. पाणी टबातून निघून टबातच परत येतं, त्यामुळे चढ-उताराचं हेड शून्य. पंप खड्ड्यात असो की जमिनीवर, डोक्यावर पाणी चढवायचं नाहीये. लागतं ते नोझलचं १० मीटर, पाइप आणि बेंडचं सुमारे २, आणि पंपाची गाळणी, व्हॉल्व्ह, जेटची तोंडं यांचं आणखी २. एकूण १४ मीटर. या कामाला पाण्यात उतरणारी ताकद साधारण ९०० वॅट लागते. असे पंप ५५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालतात, म्हणजे शाफ्टवर सव्वादोन एचपी. ३ एचपीचा पंप घ्या, पण दुकानात “३ एचपी द्या” म्हणू नका. “१४ मीटरला तासाला २४ घनमीटर देणारा द्या” म्हणा आणि पंपाचा तक्ता उघडून ते वाक्य तिथे छापलेलं बघा.

कारण एचपी सारखी असली तरी पंपांची जात वेगळी असते. टाकीवर पाणी चढवणारा पंप उंच चढवतो, पण थोडं पाणी देतो. आपल्याला हवा आहे तो कमी हेडला भरपूर पाणी देणारा, स्विमिंग पूलच्या कुटुंबातला.

पंप पाण्याच्या पातळीखाली बसवता आला तर फार उत्तम. पाणी स्वतःहून त्यात उतरतं, प्रायमिंगची (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरण्याची) कटकट नाही. दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारा सांधा) आणि व्हॉल्व्ह द्या, म्हणजे सील बदलताना टब रिकामा करावा लागत नाही. पंपाच्या खड्ड्याला निचऱ्याची वाट ठेवाच. मावळात एका पावसाळी रात्रीत खड्डा भरून मोटर बुडलेली मी पाहिली आहे.

पाइप : इथे पैसे वाचवू नका

सक्शनच्या पाइपात वेग सेकंदाला १.८ मीटरच्या आत आणि डिलिव्हरीत २.४ च्या आत ठेवायचा, हा या धंद्यातला जुना आणि खरा नियम आहे. ४०० लिटरसाठी दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला तर वेग अडीचच्या वर जातो. ७५ च्या पाइपात तो १.९ वर येतो आणि ९० च्या पाइपात १.३ वर. म्हणून सक्शन ९० चा, डिलिव्हरी ७५ ची.

घर्षणाचा आकडा बोलका आहे. या प्रवाहाला ७५ च्या पाइपात शंभर मीटरला सुमारे ५ मीटर हेड जातं, ६३ च्या पाइपात ११. वर प्रत्येक काटकोनी एल्बो दोन मीटर पाइपाएवढा दाब खातो. शक्य तिथे एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, नाहीतर दोन ४५ अंशांचे तुकडे जोडून वळण घ्या. पाइप ‘दहा किलोचा’, म्हणजे तेवढा दाब सोसणारा, घ्या. चाळीस अंशांच्या पाण्यात साध्या पीव्हीसीची ताकद बरीच घटते. आपला दाब कमी असल्याने दहा किलोच्या पाइपाला ते सहज पेलतं, पण पातळ पाइप नको. हीटरमधून निघणारा पहिला मीटरभर तुकडा मात्र सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या पीव्हीसीचा) करा.

जेटांना पाणी वाटायची पद्धत यापेक्षाही महत्त्वाची. एका सरळ लाइनवर आठ टी काढल्या तर पहिला जेट दणकट आणि आठवा मरतुकडा होतो. टबाभोवती पाइपाची पूर्ण कडी करा : डिलिव्हरी एका टीने कडीला मिळते, पाणी दोन्ही बाजूंनी फिरून सगळ्या जेटांना पोचतं. कडीच्या प्रत्येक अंगाने निम्मंच, म्हणजे २०० लिटर पाणी जात असल्याने कडी ६३ ची चालते. कडीतून प्रत्येक जेटपर्यंतचे तुकडे एकाच मापाचे कापा. मी आठही तुकडे आधी कापून, शेजारी शेजारी मांडून बघतो.

सक्शन : इथे जीव जातो

हा भाग शांतपणे वाचा. पंपाने ओढलेलं पाणी टबाच्या तळाच्या जाळीतून जातं. ती जाळी एकच असेल आणि त्यावर कुणी बसलं किंवा लहान मूल पोटावर आडवं झालं, तर पंप पूर्ण ताकदीने त्या शरीराला ओढतो. २० सेंटिमीटरच्या तोंडावर वातावरणाच्या अर्ध्या दाबाची ओढ आली तरी ती १६० किलोच्या आसपास भरते. दोन मोठी माणसंही मूल सोडवू शकत नाहीत. २००२ साली अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी घरगुती हॉट टबात अशीच तळाला धरली गेली आणि गेली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा झाला आणि माणूस अडकू न देणारी सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. आपल्या बंगल्यांत सक्ती करायला कोणी येत नाही, म्हणून ही जबाबदारी बांधणाऱ्याची आहे.

नियम असे पाळतो. सक्शनची तोंडं किमान दोन, मध्यांपासून ९० सेंटिमीटर लांब. आपल्या टबाचा खड्डाच ९० बाय ९० चा असल्याने तळावर ते अंतर मिळत नाही. अशा वेळी एक तोंड तळाला आणि दुसरं बैठकीच्या उभ्या भिंतीत, म्हणजे एकच शरीर दोन्ही झाकू शकणार नाही. दोन्ही तोंडं एका टीला समान लांबीच्या पाइपांनी जोडायची आणि त्या दोघांमधे कुठेही व्हॉल्व्ह ठेवायचा नाही, नाहीतर कुणीतरी एक बंद करतं आणि दोनाचं पुन्हा एक होतं. प्रत्येक झाकण एकट्याने पूर्ण ४०० लिटर झेलू शकेल असं घ्यायचं. जाळीतून पाण्याचा वेग सेकंदाला ४५ सेंटिमीटरच्या आत राहायला प्रत्येक झाकणाला सुमारे १५० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. झाकणामागे पोकळ डबा हवा, पाइपाचं तोंड थेट जाळीला चिकटलेलं नको, कारण तिथे केस गुंततात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचे प्लंबर सवयीने करतात : सक्शनवर फूट व्हॉल्व्ह किंवा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. टबात ते लावू देऊ नका. पंप बंद केल्यावरही तो व्हॉल्व्ह ओढ धरून ठेवतो आणि अडकलेला माणूस सुटत नाही.

टबाच्या काठावरून दिसेल आणि हात पोचेल अशा जागी सगळं बंद करणारं लाल बटण द्या. झाकणाचा एक जरी स्क्रू निघाला असेल तरी टब वापरायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, काम करणाऱ्या मावशींनाही.

हवेची लाइन

जेटांची हवेची तोंडं एका वेगळ्या कडीला जोडली जातात. ती कडी ५० ची पुरे. तिचा एक पाय वर चढवून पाण्याच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच न्यायचा, तिथे उलटा यू करायचा आणि मग हवेच्या चावीकडे आणायचा. ही उंची दिली नाही तर पंप बंद होताच पाणी हवेच्या लाइनमधून चावीपर्यंत येतं आणि ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) लावला असेल तर त्याच्या मोटरमध्ये. कडीला जेटांकडे हलका उतार ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी परत टबात ओघळतं आणि साचून कुजत नाही.

पाठीच्या जेटांना ब्लोअर लागत नाही. व्हेंच्युरी पुरेशी हवा ओढते. ब्लोअर हवा तो बैठकीतून किंवा तळातून उकळल्यासारखे बुडबुडे पाहिजे असतील तेव्हा, आणि त्याने खोल पाण्याचा दाब हरवला पाहिजे : ७० सेंटिमीटर पाण्याखाली हवा सोडायची तर तेवढ्या पाण्याच्या दाबावर मात करून वर लाइनचं घर्षणही पेलायचं. डिसेंबरच्या लोणावळ्यात ब्लोअर बाहेरची गार हवा टबात कोंबतो आणि हीटर हरतो. माझं मत विचाराल तर घरच्या टबात ब्लोअर नको.

गरम करणं आणि दुसरा पंप

जेटचा पंप फिल्टरमधून फिरवू नका. ४०० लिटरचा लोंढा छोट्या फिल्टरला झेपत नाही. फिल्टर आणि हीटरसाठी अर्ध्या एचपीचा वेगळा पंप, जो दिवसातले बरेच तास शांतपणे चालतो. २,००० लिटर पाणी २५ वरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे ३० युनिट वीज लागते, म्हणजे ६ किलोवॅटच्या हीटरला पाच तास. वर झाकण असेल तर रात्रभर गेलेली उष्णता निम्म्याहून कमी भरते. ४० अंश ही वरची हद्द, थर्मोस्टॅटला तिथे कुलूप लावा. गरोदर बायका, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेली माणसं आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतक्या गरम पाण्यात बसू नये.

वीज

पंप, हीटर, पॅनल काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर. पाण्यातले दिवे फक्त १२ व्होल्टचे आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मरही बाहेर. प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). टबाची सळई, धातूचा कठडा, पंपाचा सांगाडा, शिडी हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं. काठावरून जेट सुरू करायला विजेचं बटण न देता हवेचं बटण द्या : दाबलं की बारीक नळीतून हवेचा ठोका जातो आणि पॅनलमधला स्विच पडतो, ओल्या हाताजवळ वीज येतच नाही. ६ किलोवॅटचा हीटर आणि ३ एचपी एकत्र चालवायचे तर थ्री-फेज लागतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे.

बांधकामाचा क्रम

खोदाई आणि पीसीसी (तळाचं साधं, सळईविना काँक्रीट) झाल्यावर सळईची जाळी उभी करा. मग शटरिंगच्या आधी जेटच्या बॉडी जाळीला तारेने घट्ट बांधा. पातळी लेव्हल पाइपने काढा. टेपने जमिनीपासून मापलेली पातळी काँक्रीटनंतर दोन-तीन सेंटिमीटरने फसवते आणि टाइल्स लागल्यावर ते डोळ्यात खुपतं. बॉडीचं तोंड किती बाहेर ठेवायचं ते प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि टाइल मिळून ठरतं. माझ्या कामात ते बहुधा ३५ ते ४० मिलिमीटर होतं, तुमच्या थरांची जाडी मोजून ठरवा. सगळ्या तोंडांना बूच मारा, एकसुद्धा उघडं ठेवू नका. काँक्रीटने बुजलेला जेट सोडवायला दिवस जातो.

सांधे जोडताना पाइप सरळ कापा, आतला-बाहेरचा बूर चाकूने काढा, सुक्या फडक्याने पुसा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून पाव वळण देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत सांधा सावकाश सुकतो, त्याला एक दिवस द्या. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये गाडली जाणारी कॉलर) लावा, नाहीतर पाइपाच्या कडेने पाणी झिरपणारच.

आता चाचणी. सगळी लाइन पाण्याने भरा, हवा काढा, हातपंपाने ३ किलो दाब द्या आणि गेज रात्रभर बघा. हवेच्या लाइनचीही हीच चाचणी. कॉम्प्रेसरच्या हवेने पीव्हीसी कधीही तपासू नका. पाण्याचा सांधा सुटला तर फवारा येतो, हवेचा सुटला तर पाइप काचेसारखा फुटतो आणि तुकडे डोळ्यात जातात. काँक्रीट ओततानाही दाब तसाच ठेवा आणि कुणातरी एकाला फक्त गेजवर नजर ठेवायला बसवा. व्हायब्रेटर एखाद्या बेंडला लागला तर काटा त्याच क्षणी पडतो आणि काँक्रीट ओलं असतानाच दुरुस्ती होते.

पुढचं काम गवंड्याच्या हातचं : दहा-चौदा दिवस पाणी मारणं, टब भरून झिरपा बघणं, वॉटरप्रूफिंगचे थर, मग काचेची मोझेक आणि इपॉक्सी ग्राउट. साध्या सिमेंटच्या सांध्यांना क्लोरीन आणि गरम पाणी वर्षभरात खातात.

पहिल्यांदा सुरू करताना

आयबॉल आणि नोझल बसवू नका. आधी पंप तसाच दहा मिनिटं चालवा. पाइपांतला चुरा, वाळू, टेपचे तुकडे टबात येऊन पडतात. टब रिकामा करून, पुसून, मग नोझल लावा. कडीवरच्या गेजवर १ किलोच्या जवळ काटा यायला हवा. कमी असेल तर सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते आधी बघा.

हवेची चावी बंद असताना जेटमधून बारीक बुडबुडे सतत येत असतील तर सक्शनच्या सांध्यातून हवा शिरते आहे. प्रत्येक सांध्याला साबणाचा दाट फेस लावा, जिथे फेस आत ओढला जातो तिथे फट. पंपात खडे घुमल्यासारखा आवाज म्हणजे त्याला पाणी पुरत नाही. गरम पाण्यात हे थंडपेक्षा लवकर होतं, म्हणून गार पाण्यावर गप्प असलेला पंप ३८ अंशांवर बोलू लागतो. चाचणी गरम पाण्यावरच पूर्ण करा. हवेच्या चावीतून पाणी येत असेल तर एखादं नोझल नीट बसलेलं नाही किंवा घशात काहीतरी अडकलंय.

पाइपांची तब्येत

टब बांधून झाल्यावर यंत्रणेचा खरा शत्रू पाइपाच्या आत वाढतो. ऊबदार, साचलेल्या पाण्यात चिकट थर धरतो आणि त्यात लीजिओनेला हा जिवाणू राहतो. जेट त्या पाण्याचे बारीक तुषार करून नाकाशी आणतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबांच्या तुषारांतून हा आजार पसरला आणि तीसहून अधिक माणसं दगावली. टबात न बसलेली, फक्त जवळून गेलेली माणसंही त्यात होती. म्हणून आखणीतच पाइपाचं एकही आंधळं टोक ठेवू नका, सगळ्या लाइनला एका निचऱ्याच्या चावीकडे उतार द्या आणि टब कुणी वापरो न वापरो, जेटचा पंप रोज दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी प्रत्येक नळीत पोचतं.

मोकळं क्लोरीन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, पीएच ७.२ ते ७.८. जेट हवा घुसळतात त्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो. साध्या पूलपेक्षा इथे तो जास्त वेळा तपासावा लागतो. बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं, नोझलच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि ९ मिलिमीटरचं भोक हळूहळू ८ चं होतं. दोन महिन्यांनी एकदा आयबॉल आणि नोझल हाताने फिरवून काढा, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा आणि ज्या जेटचं नोझल त्याच जेटला परत बसवा. मी प्रत्येकाच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने आकडा घालून ठेवतो.